ट्रान्सपोर्टर गोत्यात आलाय हे पंपवाल्याला आधी कळतं

पत्र:
ताई, भोसरी एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रिकल पॅनलचे बॉक्स बनवतो, पावडर कोटिंग करून माल बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागात जातो, थोडा नागपूर आणि हैदराबाद. बेंगळुरूच्या महिन्याला आठेक गाड्या, ३२ फुटी कंटेनर. बारा वर्षं एकच ट्रान्सपोर्टर आहे, माणूस चांगला. पण दिवाळीपासून गाडी सांगितल्या दिवशी लागत नाही, आणि मागच्या महिन्यात पीण्याला गेटवर ड्रायव्हरने गाडी खाली करायलाच नकार दिला, म्हणे गाडीमालकाला बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, मिळाला नाही. दोन दिवस माल गेटबाहेर. आता एक नवीन पार्टी आलीये, आमचा रेट ३८ हजार आहे, ते ३२ मध्ये करतो म्हणतात. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मामा मी एक्सेलमध्ये स्कोअर काढून देतो, कुठला ट्रान्सपोर्टर बुडणार ते आधीच कळेल. असं खरंच कळतं का? आणि जुना सोडू का? (आमचं पेमेंट त्यांना साधारण ९० दिवसांनी होतं, पण ते पहिल्यापासून तसंच आहे.)

उत्तर:
दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात टाकलीये. तिच्याकडे येतेच, आधी तुमचा प्रश्न.

कळतं का, तर हो, बऱ्यापैकी कळतं. फक्त तुमच्या ऑफिसात बसून कळत नाही, निदान वेळेवर तरी नाही. मी १९ वर्षं निगडीला ट्रान्सपोर्टनगरीत एका गाळ्यात हिशेब लिहिले, बिल्ट्या (माल घेतल्याच्या पावत्या) बनवल्या, ड्रायव्हरांचे भत्ते वाटले, आणि तो गाळा बंद झाला तेव्हा शेवटचं कुलूप लावायलाही मीच होते, त्यामुळे आतून बुडताना कसं दिसतं ते सांगू शकते. आमच्या शेठचं नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता.

शेठच्या स्वतःच्या १४ गाड्या, बाकी काम मार्केटच्या, म्हणजे फेरीपुरत्या भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यांच्या गाड्यांवर. एका मोठ्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं म्हणून एकदम सहा नवीन गाड्या काढल्या, सगळ्या फायनान्सवर, हार घातले, पूजा झाली, आम्हाला पेढे. त्या कंपनीचं पेमेंट आधी ४५ दिवसांनी यायचं, मग ६०, मग तिथला कोणीतरी मॅनेजर बदलला आणि ते १२० वर गेलं. हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला, त्याला मॅनेजर-बिनेजर काही कळत नाही. आता बाहेरच्या माणसाला यातलं काय दिसत होतं? काहीच नाही. गाड्या चकाचक, ऑफिसात तोच चहा, शेठच्या तोंडी तेच 'होऊन जाईल'. पण आमचं हायवेवरच्या एका पंपावर डिझेलचं खातं होतं, आम्ही ड्रायव्हरला चिठ्ठी द्यायचो, चिठ्ठी दाखवून तो टाकी भरायचा आणि पंपवाला १५ दिवसांनी बिल पाठवायचा, वर्षानुवर्षांची पद्धत. तर एक दिवस पंपावरच्या मुलाचा फोन, मॅडम चिठ्ठीवर फुल टाकी लिहू नका, लिटर लिहा. एवढंच. पुढच्या महिन्यात म्हणाला १०० लिटरच्या वर द्यायचं नाही असं सांगितलंय. त्याच्या पुढच्या महिन्यात, रोख पाठवा. ती पहिली चिठ्ठी मला अजून दिसते, गुलाबी कागद, माझ्याच अक्षरातलं 'फुल टाकी' खोडून वर १०० लि. केलेलं. माझ्या हिशेबाने धंदा त्या दिवशी संपला होता, कुलूप लागलं ते त्याच्यानंतर अकरा महिन्यांनी.

आणि या अकरा महिन्यांत आमच्या एकाही कस्टमरला काही कळलं नाही, कारण ट्रान्सपोर्टर कस्टमरसमोर कधीच रडत नाही, कस्टमर बिचकला की काम गेलं. पैसे कमी पडायला लागले की ते कोणाचे थकवायचे याची एक ठरलेली रांग असते. सगळ्यात आधी मार्केटच्या गाडीवाल्यांचे बॅलन्स, कारण ते लांबचे असतात, कोणी राजस्थानचा कोणी तमिळनाडूचा, एक गाडी असलेला माणूस, तो फोन करण्यापलीकडे काय करणार. मग टायरवाला आणि गॅरेजवाला. मग ड्रायव्हरांचे पगार पुढे ढकलायचे. मग इन्शुरन्स आणि फिटनेस 'बघू पुढच्या आठवड्यात'. फायनान्सचा हप्ता सगळ्यात शेवटी चुकतो, कारण ते लोक सरळ गाडी ओढून नेतात. तुम्हाला कळतं ते तुमचा माल अडकल्यावर, म्हणजे या रांगेतल्या जवळजवळ सगळ्यांना कळून झाल्यावर.

आता तुमची पीण्याची गाडी बघा. ती तुमच्या ट्रान्सपोर्टरची स्वतःची नव्हतीच, मार्केटची होती, हे मी पैजेवर सांगते. पगारी ड्रायव्हर मालकाच्या बॅलन्ससाठी गेटवर माल अडवून बसत नाही. मार्केटच्या गाडीला माल भरताना ८०-९० टक्के ॲडव्हान्स द्यायचा आणि उरलेलं पीओडी, म्हणजे माल पोचल्याची सहीची पावती, हातात आली की, अशी साधारण पद्धत आहे. माल खाली व्हायच्या आधीच तो बॅलन्स मागतोय म्हणजे एक तर या फेरीचा ॲडव्हान्सच तुटपुंजा दिला होता, नाहीतर त्याच मालकाच्या आधीच्या दोन-चार फेऱ्यांचे पैसे थकलेत आणि त्याला जिथे हात पोचला तिथे त्याने धरलं, म्हणजे तुमचे बॉक्स. पहिलं असेल तर एखाद्या वेळची ओढाताण म्हणून सोडून देता येईल. दुसरं असेल तर याची टोपी त्याला सुरू झालंय, तुमच्या या आठवड्याच्या भाड्यातून कोणाचा तरी मागच्या महिन्याचा बॅलन्स जातोय. त्या गाडीचा नंबर तुमच्या ई-वे बिलावर (माल नेताना लागतो तो जीएसटीचा कागद) आहे, मालकाचा फोन गेटवरच्या तुमच्या कस्टमरच्या माणसाकडे नक्की असेल कारण दोन दिवस ते त्याच्याशीच बोलत होते. त्याला फोन लावा आणि सरळ विचारा, भाऊ एकूण किती थकलेत आणि किती फेऱ्यांचे. हा एक फोन भाच्याच्या अख्ख्या शीटपेक्षा जास्त सांगेल.

बाय द वे त्या दोन दिवसांत तुम्ही ई-वे बिलाकडे बघितलं होतं का? इथून पीण्या साधारण ८४० किलोमीटर, २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने पाच दिवसांची मुदत मिळते. गाडी जायला दोन-तीन दिवस आणि गेटबाहेर दोन, म्हणजे तुम्ही काठावर होता. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून ते संपल्यावर आठ तासांपर्यंत ती वाढवता येते, पण ते करायचं असतं ट्रान्सपोर्टरने, आणि अशा वेळी ट्रान्सपोर्टरचा फोन कुठे लागतो! पुढच्या वेळी भांडण मिटवायच्या आधी हे बघा, नाहीतर माल बॅलन्ससाठी अडकलेला सुटायचा आणि चेकिंगला पकडला जायचा.

तर हेरगिरी कशी करायची. फार काही नाही, तुमच्या डिस्पॅचच्या पोराला सांगा की गाडी लागली की ड्रायव्हरला आधी चहा दे. भोसरीत गाडी भरायला दोन-तीन तास तर जातातच, तेवढ्यात तीन गोष्टी गप्पांच्या ओघात विचारायच्या, गाडी कोणाची, ॲडव्हान्स किती हातात आला आणि डिझेल रोख टाकलं का चिठ्ठीवर. ड्रायव्हर खोटं बोलत नाही असं नाही, पण पैशाच्या तक्रारीबद्दल तो सहसा खरंच बोलतो, उलट थांबवावं लागतं. मग गाडीला एक चक्कर मारायची. पुढचे टायर गोटे झालेत का, म्हणजे टायरवाल्याची उधारी बंद झालीये का ते तिथेच दिसतं. आणि तुमचा माल पावडर कोटिंगचा आहे म्हणून एक जास्तीचं सांगते, पोराने कंटेनरच्या आत जाऊन बाहेरून दार लावून घ्यायचं आणि वर बघायचं, छताला कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाऊस आत येणार. हे तसं मालाच्या काळजीसाठी आहे पण त्यातूनही कळतं, ज्याच्याकडे पैसे आहेत तो मे महिन्यातच छत दुरुस्त करून घेतो.

कागदांचं आता. फुकटात बरंच बघता येतं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी कधीपर्यंत आहे ते येतं. गाडी फायनान्सवर आहे असं दिसलं तर घाबरू नका, ट्रक रोखीत कोण घेतं, पण इन्शुरन्स संपून तीन आठवडे झालेत आणि गाडी पळतेच आहे असं दिसलं तर ती मघाची रांग आठवा. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी आणि त्याच्यानंतर दरवर्षी लागतो, म्हणून जुन्या गाड्या असलेल्याचं हे जास्त लवकर उघडं पडतं. एकदा बघून उपयोग नाही, गेल्या सहा महिन्यांच्या ई-वे बिलांवरचे नंबर काढा आणि सगळे एका बैठकीत तपासा. तेव्हाच आणखी एक दिसेल, पूर्वी तेच तेच पाच-सहा नंबर फिरून फिरून यायचे आणि आता दर वेळी नवा नंबर येतोय का. येत असेल तर एक तर त्याच्या स्वतःच्या गाड्या कमी झाल्यात किंवा ओळखीचे गाडीवाले त्याच्याकडे यायचे बंद झालेत, आणि दोन्ही वाईटच.

जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून रिटर्न कधी कधी भरले ते दिसतं, महिन्याच्या महिन्याला भरणारा अचानक तीन-तीन महिने मागे पडला तर काहीतरी आहे. पण नंबरच नाही म्हणून माणूस लबाड असं धरू नका, भाड्यावरचा जीएसटी माल पाठवणाऱ्यानेच भरायचा अशा पद्धतीत काम करणाऱ्या ट्रान्सपोर्टरला रजिस्ट्रेशन लागतंच असं नाही, तुमचा सीए सांगेल. सीएकडे गेलातच तर टीडीएसची फाइलही उघडायला लावा. ज्याच्याकडे दहापेक्षा जास्त मालगाड्या नाहीत असा ट्रान्सपोर्टर पॅन आणि तसं डिक्लरेशन देतो आणि मग तुम्ही त्याचा टीडीएस कापत नाही, १९४सी म्हणून सगळे ओळखतात ते. आता गंमत बघा, हाच माणूस रेट द्यायला येतो तेव्हा 'आपल्या पंचवीस गाड्या आहेत साहेब' असं सांगतो आणि तुमच्या फाइलला त्याच्या सहीचा कागद आहे की दहापेक्षा जास्त नाहीत. दोन्हीतलं एक खोटं आहे. ते नवीन पार्टीवाले आलेत ना, त्यांच्यावर हे पहिल्यांदा करून बघा.

ई-कोर्ट्सच्या साइटवर नावाने केस शोधता येते. चेक बाउन्सच्या, म्हणजे १३८ च्या केसमध्ये तो आरोपी म्हणून तीन-चार ठिकाणी असेल तर सरळ लांब राहा, फिर्यादी म्हणून असेल तर बिचाऱ्याचेच पैसे कोणीतरी बुडवलेत. नाव साधं असेल तर दुसऱ्याच कोणाची केस याच्या माथी मारू नका म्हणजे झालं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या, म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या साइटवर शेवटचा बॅलन्सशीट कुठल्या वर्षाचा भरलाय आणि कंपनीवर कोणाकोणाचा चार्ज (कर्जापोटीचं तारण) आहे ते दिसतं. तुमचा बारा वर्षांचा माणूस बहुतेक प्रोप्रायटर असणार, तिथे यातलं काही मिळणार नाही.

आणि इथेच भाच्याचं अडतं. पोरगा हुशार दिसतो, त्याला नाउमेद करू नका. पण त्याने बहुतेक नेटवरचा झेड-स्कोअर, म्हणजे आकड्यांवरून कंपनी बुडेल का ते सांगणारं सूत्र, उचलला असेल. तो अल्टमन म्हणून प्रोफेसर होता त्याने १९६८ मध्ये काढलेला, आणि तो काढताना त्याच्यासमोर ६६ कारखानदार कंपन्यांचे आकडे होते, त्यातल्या ३३ बुडालेल्या आणि ३३ चालू. भाच्यासमोर काय आहे, तीन-चार ट्रान्सपोर्टर आणि बुडालेला एकही नाही. ज्याने ताप आलेला माणूस कधी बघितलाच नाही त्याला तापाची लक्षणं कशी शिकवणार? शिवाय त्या सूत्राला बॅलन्सशीट लागतो, आणि दहा गाड्यांच्या आतला प्रोप्रायटर इन्कम टॅक्स भरतो तो गाडीमागे ठरावीक रक्कम उत्पन्न धरून, खऱ्या नफ्या-तोट्याचा कागद त्याच्या स्वतःकडेच नसतो. अमेरिकेत सोपं आहे, तिथे ट्रकिंग कंपनीचा डॉट नंबर, म्हणजे तिचा सरकारी नोंदणी नंबर, सरकारी साइटवर टाकला की तपासणीत तिच्या किती गाड्या रस्त्यावरच थांबवल्या, अपघात किती, सगळं कंपनीच्या नावाने समोर येतं. आपल्याकडे गाडीच्या नंबरने मिळतं, कंपनीची कुंडली आपली आपल्यालाच मांडावी लागते.

म्हणून त्याला स्कोअरऐवजी दुसरं काम द्या. दोन वर्षांच्या डिस्पॅचच्या वहीतून प्रत्येक गाडीच्या चार तारखा काढायला सांगा, गाडी मागितली कधी, लागली कधी, पोचली कधी आणि पीओडी परत आली कधी. मग सरासरी काढायची नाही, सरासरी फसवते. दर वेळी तीन दिवस घेणारा आणि कधी दोन कधी सहा घेणारा यांची सरासरी शेजारी-शेजारीच येईल, पण पीण्याचा कस्टमर तुम्हाला शिव्या घालतो त्या सहाव्या दिवशी. बिघाड सुरू होतो तेव्हा हा पसाराच आधी वाढतो. त्यातही मला विचाराल तर 'मागितली ते लागली' हा आकडा सगळ्यात बोलका, कारण एकदा भरलेली गाडी कशीतरी पोचतेच, पण गाडी मिळवायला ॲडव्हान्सचे रोख पैसे लागतात, ते नसले की फोनवर 'गाडी चाकणहून निघालीये, तळेगाव रोडला ट्रॅफिकमध्ये आहे' सुरू होतं. चाकण-तळेगाव रोडला ट्रॅफिक असतोच, त्यामुळे हे खोटं पकडताही येत नाही, काय करणार.

अजून एक त्याला बजावून सांगा, तुलना त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या कोणाशी तरी करायची. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा सगळ्यांच्याच गाड्या दिवसेंदिवस उभ्या होत्या, खंबाटकीत कंटेनर आडवा झाला की सगळेच लेट, दिवाळीत ड्रायव्हर गावाला जातात तेव्हा सगळ्यांकडेच गाड्यांची बोंब. तुम्ही 'दिवाळीपासून' लिहिलंय म्हणून मी सुरुवातीला हेच धरलं होतं. पण दिवाळी होऊन गेली तरी तसंच चालू आहे आणि शेजारच्या गाळेवाल्याला त्याच लाइनला गाडी वेळेवर लागतेय का, हे विचारलंत का? तुमच्याकडे एकच ट्रान्सपोर्टर असल्याने तुमच्याकडे तुलनेला काही नाहीच, हा तुमचा खरा प्रॉब्लेम.

आता ३२ हजारवाले. बसा कागद घेऊन. ८४० किलोमीटर, ३२ फुटीला लिटरला चार-सव्वाचार किलोमीटर धरा, २०० लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने १८ हजार झाले. टोल, ड्रायव्हर, वाटेतलं किरकोळ मिळून आणखी नऊ-दहा हजार धरा. उरले चार-पाच. त्यात हप्ता, इन्शुरन्स, टायर आणि शेठचं घर. परतीचा माल लगेच आणि चांगल्या भावाने मिळाला तरच हे जमतं, म्हणून पहिला प्रश्न त्यांना हाच, बेंगळुरूहून पुण्याला तुमचं बांधलेलं काम कोणाचं आहे? नीट उत्तर मिळालं, म्हणजे अमुक कंपनीचा माल आठवड्याला इतक्या गाड्या, तर ३२ चा रेट खरा असू शकतो आणि ते चांगले ट्रान्सपोर्टर आहेत. 'मिळतं ओ साहेब मार्केटला' असं उत्तर आलं तर तो माणूस आज हातात पैसे येण्यासाठी उद्याचा तोटा विकत घेतोय, आणि चार महिन्यांनी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल. पडता रेट हेसुद्धा बुडण्याचंच लक्षण आहे, फक्त ते बघताना आपल्याला आनंद होत असतो म्हणून लक्षात येत नाही.

मोठ्या नावाच्या कंपनीकडे गेलो की सुटलो असं म्हणाल तर तेही नाही. अमेरिकेत यलो नावाची जवळजवळ शंभर वर्षांची ट्रकिंग कंपनी होती, ३० हजारांच्या आसपास माणसं कामाला. जुलै २०२३ मध्ये कामगारांच्या पेन्शन आणि आरोग्य फंडाचे पैसे भरायचे राहिले, युनियनने संपाची नोटीस काढली, ते ऐकून कस्टमरांनी काही दिवसांत माल दुसरीकडे वळवला, ३० जुलैला काम बंद आणि ऑगस्टमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. तिथेही आधी कोणाला कळलं, तर ज्यांचे पैसे थकले त्यांना. आणि कोरियाची हानजिन शिपिंग आठवते का, ऑगस्ट २०१६ च्या शेवटी कोर्टात गेली तर जगभर त्यांची भरलेली जहाजं बंदराबाहेर ताटकळली, बंदरवाले आत घेईनात कारण आमचे पैसे कोण देणार. पीण्याच्या गेटवर तुमच्याबाबतीत जे झालं तेच, फक्त गाडीच्या जागी जहाज.

बरं, आता तो कंस. महिन्याला ८ गाड्या गुणिले ३८ हजार म्हणजे ३ लाख ४ हजार. ९० दिवसांनी पेमेंट म्हणजे कुठल्याही दिवशी त्या माणसाचे ९ लाख १२ हजार तुमच्याकडे अडकलेले, नागपूर-हैदराबाद वेगळंच. तो मात्र प्रत्येक गाडीमागे मार्केटवाल्याला भरतानाच तीसेक हजार रोख मोजतोय. म्हणजे तुमच्या युनिटला बिनव्याजी कर्ज देणारी बँक म्हणजे हा ट्रान्सपोर्टर, आणि तुम्ही मला विचारताय की ही बँक बुडेल का. 'पहिल्यापासून तसंच आहे' हे खरं, पण बारा वर्षांपूर्वी डिझेल किती होतं, रेट किती होता, तेव्हा त्याचे किती अडकायचे? रागावू नका, आमच्या शेठला बुडवणारी कंपनीही अशीच होती, तिथल्या कोणाच्याच मनात वाईट नव्हतं.

शिवाय तो उद्यम रजिस्टर्ड (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) असेल, सूक्ष्म किंवा लघु, तर कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही आणि करार नसेल तर १५ दिवस. उशिरा दिलेल्यावर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागायचा त्याला हक्क आहे, मागणार नाही तो, बारा वर्षांची ओळख. पण १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने असं मुदतीबाहेर थकवलेलं भाडं तुम्हाला त्या वर्षीच्या खर्चातही धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरायचं. मार्चला सीए ओरडला असेल बघा.

मग करायचं काय. जुना लगेच सोडू नका, सोडलात तर तुमचा धक्का त्याला शेवटचा ठरेल आणि तेव्हा वाटेत असलेल्या गाड्या तुमच्याच असतील. त्याला बोलवा, ऑफिसात नको, बाहेर कुठेतरी मिसळ खायला न्या, आणि विचारा की किती थकलंय मार्केटमध्ये. बारा वर्षांनंतर माणूस खरं बोलायला तयार असतो, फक्त कोणी विचारत नाही. जुने ९ लाख एकदम देता येणार नसतील तर दोन-तीन महिन्यांत उतरवा आणि नवीन गाड्यांचे पैसे पीओडीचा फोटो आला की १५ दिवसांत. त्याबदल्यात त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या, की मार्केटची गाडी लावली तर गाडीमालकाचं नाव, नंबर आणि दिलेला ॲडव्हान्स तुम्हाला भरतानाच कळवायचा, आणि माल अडला तर तुम्ही बॅलन्स थेट मालकाच्या खात्यात भरून त्याच्या बिलातून कापणार. असा प्रसंग पुन्हा आलाच तर ड्रायव्हरच्या हातात रोख देऊ नका, तिघांनी एका कॉलवर यायचं, ट्रान्सपोर्टरने व्हॉट्सॲपवर 'द्या' लिहायचं आणि मगच पैसे मालकाच्या खात्यात.

आठातल्या पाच गाड्या त्याला, तीन दुसऱ्या कोणाला. नवीन पार्टीला आधी नागपूरची गाडी देऊन बघा, जिथे एक दिवस उशीर झाला तर कोणी मरत नाही, आणि त्यांना एकदम ॲडव्हान्स देऊ नका. जुन्याला पैसे वेळेवर मिळायला लागल्यावर दोन महिन्यांत 'मागितली ते लागली' हा आकडा सुधारला तर त्याचं दुखणं तुम्हीच होता. पैसे मिळूनही नाही सुधारला, तर ते पैसे कुठल्यातरी जुन्या खड्ड्यात जातायत, मग मात्र पाचाच्या तीन आणि तीनाची एक करत हळूहळू बाहेर या, भांडण न करता.

आणि ट्रान्झिट इन्शुरन्स, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, आहे ना तुमचा? गाडीच्या इन्शुरन्समध्ये आतला माल येत नाही. 'ट्रान्सपोर्टर भरून देईल' यावर असाल तर बिल्टीची मागची बाजू वाचा. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे मालाची जास्त किंमत जाहीर करून जास्त भाडं ठरवलेलं नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, म्हणजे तुमची ३ लाख ८० हजार. गाडीत माल कितीचा असतो ते तुम्हाला माहीत. पीण्याच्या त्या गाडीतले बॉक्स दोन दिवस गेटबाहेर उभे राहून खरचटलेबिरचटले असतील आणि कस्टमरने डेबिट नोट टाकली असेल, म्हणजे त्याचे पैसे तुमच्याकडून कापले असतील, तर ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस द्यायची मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस आहे. मिसळीच्या आधी द्या म्हणत नाही, पण बिल्टीवरची तारीख आजच बघून ठेवा.